फेस ऑइलची कृती, ओळीओळीने

तीन चमचे खोबरेल, दोन चमचे बदाम तेल, एक चमचा जोजोबा. त्यात टी ट्री ऑइलचे पाच थेंब, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर हळद. कडुनिंबाची आठ-दहा ताजी पानं आणि कोरफडीचा चमचाभर गर. सगळं काचेच्या बाटलीत भरून पंधरा दिवस उन्हात ठेवायचं आणि मग रोज रात्री चेहऱ्याला लावायचं.

ही कृती तुमच्याकडेही कधी ना कधी आलीच असेल. घटक थोडे इकडेतिकडे होतात, कुणी बदामाऐवजी ऑलिव्ह घालतं, कुणी हळदीऐवजी केशर, पण सांगाडा हाच. खाली दोन-तीन ओळींचा खुलासाही असतो. तेलकट त्वचेला तेलच हवं, कारण बाहेरून तेल मिळालं की त्वचा स्वतःचं तेल कमी करते. मुरुमं येणाऱ्या त्वचेत लिनोलेइक अ‍ॅसिड कमी असतं, ते या तेलातून मिळतं. आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही.

आपल्याकडे सिनेमाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, गाण्याचंही होतं. अशा कृतीचं कुणी करत नाही. ती एकतर लोक करून बघतात, नाहीतर 'कसले खुळचट प्रकार' म्हणून सोडून देतात. मीही बराच काळ दुसऱ्या गटात होते. म्हणजे आणखी वाईट, मी न वाचताच मत देणाऱ्यांतली होते. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीने, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे ती, मोबाइल पुढे धरून विचारलं, "ताई, हे लावलं तर चालेल का?" मी माझ्या कामात होते. वर न बघताच म्हटलं, "लाव की, तेलाने काय होतंय."

दीड महिन्याने ती परत आली तेव्हा कपाळ आणि दोन्ही गाल बारीक पुटकुळ्यांनी भरलेले होते. बोलताना आणखी एक गोष्ट कळली. डॉक्टरांनी तिला अ‍ॅडापलीनचं जेल दिलं होतं. त्याने पहिल्या तीन आठवड्यांत तोंडाची सालं निघायला लागली, म्हणून ते बंद करून तिने हे तेल सुरू केलं होतं. मला हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

तेव्हा हा लेख म्हणजे उशिरा केलेलं वाचन आहे. कृती समोर ठेवते आणि एकेक वाक्य तपासते. तुम्ही हे तेल करत असाल, करणार असाल किंवा दुसऱ्याला सांगत असाल, तर सोबत बसा.

सुरुवात लिनोलेइकच्या ओळीपासून करू, कारण या कृतीत सगळ्यात जास्त विज्ञान त्याच ओळीत आहे आणि ते पूर्ण खोटं नाही. तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या एका लहान रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. कुठल्या तेलात कुठली मेदाम्लं किती, यावर त्या तेलाचा स्वभाव ठरतो. लिनोलेइक हे त्यातलं एक. ते आपलं शरीर बनवू शकत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. त्वचेच्या सगळ्यात बाहेरच्या थराला पाणी धरून ठेवण्यासाठी ज्या सेरामाइड नावाच्या मेदांची गरज असते, त्यांतल्या एका महत्त्वाच्या प्रकारात हे लिनोलेइक असतं.

१९८६ मध्ये डोनाल्ड डाउनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मांडणी केली. मुरुमं असलेल्या लोकांच्या त्वचेवरच्या तेलात, म्हणजे सीबममध्ये, लिनोलेइकचं प्रमाण कमी आढळतं. त्यांचं म्हणणं असं, की तैलग्रंथीतली पेशी जन्माला येताना आपल्याबरोबर ठरावीक लिनोलेइक घेऊन येते आणि मग स्वतः मेद बनवायला लागते. जितका मेद जास्त, तितकं मूळचं लिनोलेइक पातळ होत जातं. आमटीत पाणी वाढवत गेलं की मीठ कमी लागतं, तसंच. मग रोमकूपाच्या भिंतीतल्या पेशींना लिनोलेइक कमी पडतं, त्या नीट सुटून बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटून बसतात आणि तोंडाशी बूच तयार होतं. हे बूच म्हणजे मुरुमाची पहिली पायरी.

मांडणी सुंदर आहे. पण तिच्यातच एक अडचण आहे, तिकडे लक्ष द्या. लिनोलेइक कमी होतं ते तेल जास्त सुटल्यामुळे. म्हणजे कमतरता हे मुरुमाचं कारण असेलही, किंवा जास्त तेल सुटण्याची नुसती खूण असेल. दुसरी शक्यता खरी असेल, तर वरून लिनोलेइक लावणं हे आमटीत मीठ वाढवून पाण्याचा नळ बंद होईल अशी आशा धरण्यासारखं आहे.

यावर प्रत्यक्ष प्रयोग झालाय, आणि तो चांगल्या पद्धतीने झालाय. बेल्जियममधल्या एका गटाने १९९८ मध्ये मुरुमं असलेल्या मोजक्या लोकांवर लिनोलेइक अ‍ॅसिड आणि त्याच्यासारखंच दिसणारं बिन-औषधी मिश्रण असं दोन्ही लावून बघितलं. कुठलं कधी लागतंय हे लावणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला, दोघांनाही माहीत नव्हतं. महिनाभरात लिनोलेइकने सूक्ष्म कोमेडोंचा एकूण आकार सुमारे २५ टक्क्यांनी घटला. फेस ऑइल विकणाऱ्या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी हाच अभ्यास उभा असतो.

आता त्या वाक्यात काय नाही ते बघा. सूक्ष्म कोमेडो म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारं बूच. लाल मुरुमं कमी झाली का, पू भरलेल्या पुटकुळ्या कमी झाल्या का, हे त्यात नाही. महिन्याच्या पुढे काय झालं, तेही नाही. आणि लावलं होतं ते सुटं लिनोलेइक अ‍ॅसिड. तेलातलं लिनोलेइक ग्लिसरॉलला जखडलेलं असतं. त्वचेवरच्या जंतूंची लायपेज नावाची विकरं ते थोडंफार सोडवतात, पण किती आणि किती वेळात, हे बाटलीवर लिहिता येईल असं काही नाही.

बरं, हे सगळं क्षणभर बाजूला ठेवू. कृती म्हणते ना लिनोलेइक मिळतं, तर मोजूनच बघू. चहाचा चमचा ५ मिलीलीटरचा धरला, तर सगळं मिळून ३० मिली तेल. खोबरेल १५ मिली, त्यात लिनोलेइक साधारण २ टक्के, म्हणजे ०.३ मिली. बदाम तेल १० मिली, त्यात साधारण २५ टक्के, म्हणजे २.५ मिली. जोजोबा तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने तेलच नाही, तो द्रवरूप मेण आहे, त्यात लिनोलेइक नसल्यात जमा. बेरीज २.८ मिली. तीसमध्ये २.८, म्हणजे दहा टक्क्यांच्याही खाली. ज्या गुणासाठी हे तेल करायचं, तोच गुण त्यात सगळ्यात कमी. खुलासा एका तेलाचा आणि कृती दुसऱ्याच तेलाची!

लिनोलेइकच हवं असेल तर ते आपल्या मातीत पिकतं. करडई. सोलापूर, मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात रब्बीला घेतात ती काटेरी करडई. नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त लिनोलेइक असतं. सूर्यफुलात साधारण ६०. आपल्या आज्या-पणज्या ज्या तेलात पिठलं करायच्या ते तेल सोडून आपण गुलाबाच्या फळाचं परदेशी तेल थेंबाच्या भावाने घेतो, ज्यात ते ४५ टक्क्यांच्या आसपास असतं. (माझी इथे थोडी चिडचिड होते, माफ करा. माझं आजोळ करडईच्या पट्ट्यातलं आहे आणि तिथे आता करडई शोधावी लागते.) एक सावधगिरी मात्र हवी. करडई आणि सूर्यफूल दोन्हींचे ओलेइक जास्त असलेले वाणही आता आहेत, त्यांत हे गणित उलटं होतं. ओळखायचं कसं? स्वयंपाकघरातल्या पिशवीवर किंवा डब्यावर पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला असतो. त्यात 'पॉलीअनसॅच्युरेटेड'समोरचा आकडा बघा. करडई आणि सूर्यफुलात तो आकडा म्हणजे जवळजवळ सगळं लिनोलेइकच. 'मोनोअनसॅच्युरेटेड'चा आकडा मोठा असेल तर ते ओलेइकवालं तेल. 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर त्यात दुसरं तेल मिसळलंय.

ओलेइकवर एवढा राग का? त्यामागे कारण आहे. ऑलिव्ह तेलात ७० टक्क्यांच्या आसपास ओलेइक असतं. ब्रिटनमध्ये शेफील्डच्या गटाने २०१३ मध्ये १९ प्रौढ स्वयंसेवकांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल लावून तुलना केली. ऑलिव्हने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत झाला आणि किंचित लालीही आली. सूर्यफुलाने थर टिकला. औषधं त्वचेतून आत जावीत म्हणून ओलेइक अ‍ॅसिड मुद्दाम वापरतातही. म्हणजे सगळी तेलं सारखी नसतात एवढं यातून नक्की कळतं. पण हा प्रयोग हातावरचा आहे, आणि त्यात मुरुमं कुणी मोजली नाहीत. तेव्हा 'सूर्यफूल तेलाने मुरुमं जातात' असं कुणी या अभ्यासाच्या आधारे सांगितलं, तर त्याला अभ्यास उघडून दाखवायला सांगा.

आता पहिलं वाक्य: बाहेरून तेल मिळालं की त्वचा स्वतःचं तेल कमी करते. हे ऐकायला इतकं पटतं, की मीही कितीतरी दिवस खरं मानत होते. पाण्याची टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो, तसं काहीतरी आपल्या मनात असतं. पण चेहऱ्यावर असा बॉल नाही. १९५८ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि वॉल्टर शेली यांनी नेमकी हीच कल्पना तपासली आणि खोडून काढली. वरचं तेल पुसा किंवा राहू द्या, ग्रंथी आपल्या गतीने चालूच राहतात. त्यांचा हुकूम येतो तो आतून, अँड्रोजन संप्रेरकांकडून. म्हणूनच मुरुमं वयात येताना सुरू होतात, आणि म्हणूनच पीसीओएस असलेल्या मुलींना ती पंचविशीतही सोडत नाहीत. वर लावलेल्या जोजोबाची बातमी त्या ग्रंथींपर्यंत पोचत नाही. तेल लावून अर्ध्या तासाने धुऊन टाकणं ही वेगळी गोष्ट. मेकअप, सनस्क्रीन असले तेलात विरघळणारे पदार्थ तेलाने खरंच सुटतात. पण ती साफसफाई झाली, उपचार नाही.

क्लिगमन हे नाव या विषयात पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा थोडं थांबून सांगते. मुरुमांवर ट्रेटिनॉइन वापरायला शिकवणारे हेच. आणि फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षं प्रयोग करणारेही हेच. आज ते प्रयोग वैद्यकीय नीतीच्या वर्गात 'असं करू नये' म्हणून शिकवले जातात. रंध्रं बुजवणाऱ्या पदार्थांचा अभ्यासही मोठ्या प्रमाणात त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला. १९७२ मध्ये त्यांनी आणि ओटिस मिल्स यांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर लिहिलं आणि त्यासाठी सशाच्या कानाची चाचणी वापरली. पदार्थ कानाच्या आतल्या बाजूला काही दिवस लावायचा आणि रोमकूप किती बुजले ते बघायचं. पुढे जेम्स फुल्टन यांनी १९८० च्या दशकात कितीतरी घटकांना ० ते ५ असे गुण दिले. नेटवर फिरतो तो 'कोमेडोजेनिक' तक्ता, ज्यात खोबरेलाला ४ आणि करडई-सूर्यफुलाला ० असतात, तो असा सशाच्या कानातून आलाय.

सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर बुजतो. काही सशांचे रोमकूप मुळातच मोठे असतात, ते मोजताना कोमेडो म्हणून धरले गेले. पेट्रोलियम जेलीची बदनामी त्यातूनच झाली, आणि १९९६ मध्ये खुद्द क्लिगमन यांनीच लिहिलं की ती ना सशात मुरुमं आणते ना माणसात. २००६ मध्ये झो ड्रेलॉस आणि जोसेफ डिनार्डो यांनी माणसांच्या पाठीवर तपासलं, तेव्हा तक्त्यात 'वाईट' ठरलेले घटक असलेली तयार उत्पादनं प्रत्यक्षात रंध्रं बुजवतातच असं नाही, असं दिसलं. घटक किती प्रमाणात आहे आणि कशात मिसळलाय, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे तक्ता हातात घेऊन खोबरेलाला फाशी देणारेही घाईच करतात.

तरीही मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर रात्रभर खोबरेल ठेवा, असं मी म्हणणार नाही. एक कारण जुनं निरीक्षण आहे. १९७० मध्ये अमेरिकेत केसांना पोमेड लावणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या कपाळावर येणाऱ्या मुरुमांचं वर्णन प्रसिद्ध झालं, 'पोमेड अ‍ॅक्ने' म्हणून. आपल्याकडे डोक्याला चप्प तेल लावून झोपणाऱ्या कुणाच्याही कपाळाची कड बघा. दुसरं कारण मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. ती सगळ्यांच्या त्वचेवर असते. स्वतः मेद बनवू शकत नाही, म्हणून आपल्या मेदांवर जगते, आणि वनस्पती तेलांत असतात तसली मेदाम्लं तिला चालतात. घाम, दमट हवा आणि वरून तेल मिळालं, की काहींच्या कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात. दिसायला मुरुमांसारख्या, पण औषध वेगळं, बुरशीवरचं. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनमध्ये हे विसरून चालत नाही. खोबरेलातलं लॉरिक अ‍ॅसिड जंतू मारतं हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. सुटं लॉरिक अ‍ॅसिड मुरुमांच्या जंतूंना, म्हणजे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसला, मारतं हे प्रयोगशाळेत आणि उंदरांच्या कानावर दिसलंय. खोबरेलात ते सुटं नसतं. पुन्हा तीच जखडलेली भानगड.

टी ट्री ऑइल हा या कृतीतला असा घटक, ज्याची मुरुमांवर माणसांत नीट परीक्षा झाली आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्रीचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, त्रास कमी झाला. २००७ मध्ये इराणमध्ये ६० जणांवर ५ टक्के जेल बिन-औषधी जेलपेक्षा सरस ठरलं. पर्यायी उपचारांवरच्या ३५ अभ्यासांचा कोक्रेन आढावा २०१५ मध्ये आला, त्यातही टी ट्रीच्या बाजूने थोडा पुरावा आहे, पण तो कमी दर्जाचा, असंच म्हटलंय. आता आपले पाच थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिली होतो. पाच थेंब म्हणजे पाव मिली. ३० मिलीत पाव मिली म्हणजे ०.८ टक्के. परीक्षा झाली त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकंही औषध नाही, आणि तेही जेलमध्ये नाही, तेलात. मग तीस थेंब घालायचे का? नको. हे तेल हवा आणि उजेड लागून जुनं झालं की त्यात अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्माची सोबत करते. आपली कृती तर बाटली पंधरा दिवस उन्हात ठेवायला सांगते.

या उन्हाबद्दल बोलायलाच हवं. लिनोलेइकसारख्या मेदाम्लात दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यामधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो. तो निघाला की ऑक्सिजन तिथे येऊन बसतो, पेरॉक्साइड तयार होतं आणि साखळी पुढे चालू. ओलेइकच्या तुलनेत लिनोलेइक दहा पटींहून जास्त वेगाने असं खवट होतं. ऊन त्याला घाईच करतं. म्हणजे जे तेल मुरुमांसाठी चांगलं म्हणायचं, तेच सगळ्यात लवकर बिघडणारं. आणि बिघडलेले मेद त्वचेला चांगले नाहीत. आपल्याच सीबममधलं स्क्वालीन ऑक्सिडाइज झालं की ते सशाच्या कानात कोमेडो आणतं, हे दाखवलं गेलंय. (हो, पुन्हा सशाचाच कान. जो नियम खोबरेलाला, तोच इथेही लावा.)

आणि ताजी पानं, लिंबाचा रस, कोरफड. तिन्हींत मुख्यतः पाणी. शुद्ध तेलात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना पाणी मिळत नाही. तुम्ही पाणी घातलंत की ते तळाशी थेंबाथेंबाने बसतं आणि तिथे बुरशीची सोय होते. बाजारच्या क्रीममध्ये पाणी आणि तेल एकत्र असतं, पण तिथे त्यांना बांधणारा पदार्थ आणि जंतुरोधक दोन्ही असतात. ज्या 'केमिकल'ना कृती नावं ठेवते, तीच ही.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेला हे पक्कं माहीत होतं. आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं प्रमाण आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. मंद आचेवर शिजवायचं ते पाणी पूर्ण जाईपर्यंत. झालं की नाही याची परीक्षाही दिली आहे. कल्काची बोटांत वात वळली पाहिजे, ती आगीत टाकल्यावर तडतडता कामा नये, तेलावर फेस आला पाहिजे. तडतड म्हणजे पाणी शिल्लक. घरी जास्वंद-माक्याचं तेल कढवताना आपली आजीही 'चरचर थांबली की उतरव' म्हणते, ती हीच परीक्षा. ही कृती 'आयुर्वेदिक' म्हणून मिरवते आणि त्यातली एकमेव गुणवत्ता चाचणीच गाळते. आणखी एक. सुश्रुतसंहितेत मुरुमांना मुखदूषिका म्हटलंय आणि त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. त्यांच्यावर तिथे भर आहे तो वमनावर आणि लोध्र, वेखंड, धणे अशांच्या लेपावर. तेल चोपडण्यावर नाही. लेप लागू पडतो की नाही हा वेगळा प्रश्न. मी फक्त एवढंच म्हणतेय, की ज्याच्या नावाने पावती फाडायची त्याचं पुस्तक तरी उघडावं.

लिंबाबद्दल थोडक्यात, कारण यात दुमत नाही. रस इतका आंबट, की त्याचा पीएच दोनच्या आसपास. सालीतल्या तेलात फ्युरोकूमरिन असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालवायच्या तेलात हे घालणं म्हणजे कमालच आहे.

डागांचंच राहिलं. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत मुरुम गेल्यावर डाग महिनोन्महिने राहतो, आणि खरा जीव त्यावरच अडकलेला असतो. मुरुम आठवड्यात बसतो, डागाने लग्नाच्या फोटोपर्यंत साथ द्यावी लागते. हा डाग सूज आली म्हणून पडतो. त्यामुळे त्यावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पुढची सूज येऊ न देणं आणि उन्हापासून चेहरा जपणं. या तेलातल्या चिमूटभर हळदीचं काम उशी पिवळी करण्यापलीकडे जात नाही.

मग ज्यांना या तेलाने फरक पडला, त्या खोटं बोलतात का? मुळीच नाही. मुरुमं कमी-जास्त होत राहतात. माणूस नवा उपाय सुरू करतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि सगळ्यात वाईट आठवड्यानंतर बहुतेक वेळा जरा बरा आठवडाच येतो. मुरुमांच्या औषधांच्या चाचण्यांत बिन-औषधी जेल लावणाऱ्यांचीही मुरुमं बऱ्यापैकी कमी होतात. म्हणून तर तुलनेला दुसरा गट लागतो. हाच न्याय मला वसतिगृहातल्या त्या मुलीलाही लावायला हवा. तेलाने तिचा चेहरा बिघडला, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिने त्याच वेळी अ‍ॅडापलीन थांबवलं होतं. परीक्षा चालू होत्या. पावसाळा लागला होता. एका चेहऱ्यावर चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा हे कळत नाही. जे नक्की आहे ते इतकंच, की ज्या औषधामागे भरभक्कम पुरावा आहे आणि ज्याला गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, ते तिने तिसऱ्या आठवड्यात सोडलं. का सोडलं? सालं निघत होती आणि ते होणार आहे हे तिला कुणी नीट समजावलं नव्हतं. त्या कोरड्या चेहऱ्याला काहीतरी स्निग्ध हवं होतं. तिची गरज खरी होती. सुरुवातीला जेल एक दिवसाआड, वर साधं मॉइश्चरायझर, एवढ्याने ती भागली असती. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत तेच सांगितलं.

तरीही कुणाला घरचं तेल लावायचंच असेल, तर माझी कृती फार कंटाळवाणी आहे. करडईचं किंवा सूर्यफुलाचं एकच तेल, लिनोलेइकवालं, रिफाइंड चालेल, लहान गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. त्यात काहीही घालायचं नाही. आठवडाभर कोपराच्या आत, मग जबड्याच्या कडेला, मग ओल्या चेहऱ्यावर दोन-तीन थेंब. खवट वास आला की फेकायचं. कोरडेपणासाठी, मुरुमांसाठी नाही. खाज सुटणाऱ्या एकसारख्या पुटकुळ्या आल्या तर बंद. आणि डॉक्टरांचं औषध चालू असेल तर ते चालूच ठेवायचं.

तिची उरलेली बाटली माझ्याकडे आली. उघडली तर जुन्या शेवेच्या पाकिटासारखा वास, आणि तळाशी पानांभोवती पांढुरकी साय. वरचं तेल गाळून मी आमच्या मजल्यावरच्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला लावलं. करडईचं असतं तर सुकून चिकट झालं असतं. अर्धं खोबरेल आहे, म्हणून अजून तरी दार गुमान उघडतंय.